मदत हवी आहे : परदेशी विद्यार्थ्यांबरोबरचा प्रकल्प, पत्रावर सही कोणाची?

गोदाकाठची
नमस्कार. फार अडलंय म्हणून लिहितेय. आम्ही सात आणि तिकडचे सहा विद्यार्थी मिळून द्राक्षाला लागणाऱ्या पाण्याचा अभ्यास करतोय. सगळं आम्हीच जुळवलं. आता त्यांच्या विद्यापीठाला आमच्याकडचं सही-शिक्क्याचं पत्र हवंय, शुक्रवारपर्यंत. ऑफिसात तीन चकरा मारल्या, "असं पत्र आम्ही देत नाही" एवढंच उत्तर. कोणाकडे नमुना असेल तर प्लीज आजच द्या.

सातपूरकर
तिकडचे म्हणजे कुठले? तुमचं कॉलेज स्वायत्त की संलग्न?

गोदाकाठची
जर्मनी. आमचं कृषीचं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाला संलग्न.

एनके_पुणे
जर्मनीसाठी आधी एपीएसचं, म्हणजे आपली शिक्षणाची कागदपत्रं तपासून मिळणारं, प्रमाणपत्र काढा, त्याशिवाय विद्यार्थी व्हिसा नाही. ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याला, वर्षाचे 11,904 युरो लागतात. माझ्या भाच्याचं नुकतंच झालं, फार वेळ गेला त्यात.

गोदाकाठची
दादा, मला तिकडे शिकायला जायचं नाहीये. फक्त पत्र हवंय.

सातपूरकर
मग आयएस्टे किंवा आयसेक या विद्यार्थ्यांना परदेशी पाठवणाऱ्या संस्थांमधून जा. दोन्ही 1948 पासून आहेत, त्यांची कागदपत्रं तयार असतात. मी स्वतः आयसेकमधून गेलो होतो, काही अडलं नाही.

निवृत्त_मास्तर
सातपूरकर, तिथून इंटर्नशिप मिळते. हिचा प्रकल्प सुरूच आहे, तो कशाला मोडायचा? बाळ, त्यांनी मागितलेल्या पत्राचं शीर्षक काय आहे?

गोदाकाठची
'सहकार्य करार' म्हणून दोन पानं आहेत सर.

निवृत्त_मास्तर
ऑफिस तिथेच बिचकलं. करार संस्थेच्या नावे होतो, संलग्न कॉलेजला त्यासाठी वर विचारावं लागतं. शुक्रवारपर्यंत ते होणार नाही. करार मागूच नकोस. विभागप्रमुखांकडून साधं पत्र घे : हे सात विद्यार्थी आमच्या माहितीने अमुक प्रकल्प करत आहेत, यातून पदवी, श्रेयांक किंवा आर्थिक बांधिलकी नाही. कोणी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2022 चे नियम पुढे केले तर सांग, ते ट्विनिंग, जॉइंट आणि ड्युअल डिग्रीसाठी, म्हणजे परदेशी विद्यापीठाबरोबर चालवायच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी आहेत. तुम्ही पदवी देत नाही आहात. आणि पैसे येणार आहेत का तिकडून?

गोदाकाठची
हो, 400 युरो. मातीतला ओलावा मोजायच्या सेन्सरसाठी. माझ्या खात्यावर पाठवतो म्हणाले.

निवृत्त_मास्तर
हे आधी सांगायला हवं होतं. पैसे घेऊ नकोस. परदेशी देणगी घ्यायला संस्थेला एफसीआरए (परदेशी देणगी नियमन कायदा) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतच यावी लागते. गटाच्या कामाचे पैसे तुझ्या खात्यात आले तर उत्तरं तुलाच द्यावी लागतील. सेन्सर विभागाकडून मागा.

बागायतदार_पिंपळगाव
ताई, पत्र मिळेल, पण अभ्यास नीट करा. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. त्यांची एकच, हिवाळ्यात. आपला माल जानेवारीपासून निघतो, त्यांचा सप्टेंबर-ऑक्टोबरात. महिन्याला महिना लावलात तर आकडे जुळणारच नाहीत. छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) फुटल्यापासून दिवस मोजा. आमच्या भागात पाण्याच्या हिशेबावरच वर्ष तरतं की बुडतं, म्हणून कळकळीने सांगतोय.

गोदाकाठची
काका, आम्ही महिनेच धरले होते! तिकडच्या मुलांनाही सुचलं नाही. आजच तक्ते बदलायला घेते.

सातपूरकर
पानांचे नमुने पाठवणार असाल तर जैवविविधता कायदाही बघा.

गोदाकाठची
नमुने नाहीत, फक्त आकडे. अपडेट : विभागप्रमुख मॅडम हो म्हणाल्या, उद्या अकराला मजकूर घेऊन बोलावलंय. 'करार' शब्द काढला, पैसे नकोत असं कळवलं. विभागाचा शिक्का चालेल का, असा मेल तिकडे टाकलाय. ते साडेतीन तास मागे आहेत, म्हणजे संध्याकाळपर्यंत उत्तर यायला हवं.