बाबांच्या मांडीतली गाठ: 'स्पिंडल सेल' म्हणजे काय?

देवगडवरून: बाबांच्या मांडीत खोलवर गाठ आहे. गणपतीत लिंबाएवढी होती, शिमग्याला हापूसएवढी झाली. दुखत नाही म्हणून ते कलमांच्या फवारणीला जातच राहिले. सुईच्या तपासणीत नुसतं 'स्पिंडल सेल ट्यूमर' आलंय. इथले डॉक्टर म्हणतात, चरबीची असेल, काढून टाकू. काय करू?

पॅथॉलॉजीवाला, मालवण: थांबा, कापू देऊ नका. स्पिंडल म्हणजे पेशी लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसल्या, एवढंच. ते आजाराचं नाव नव्हे. नसेची साधी गाठ तशीच दिसते, सायनोव्हियल सार्कोमा हा कॅन्सरही तसाच. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीने, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून पाहिल्यावर, बराच उलगडा होतो. तरी अडलं तर जनुक तपासतात. सायनोव्हियलमध्ये एसएस१८ जनुक तुटून दुसऱ्याला जोडलेलं सापडतं. (नावात सांध्याचं अस्तर असलं तरी तो तिथून उगवत नाही!) ५ सेंमीहून मोठी, खोल, वाढती गाठ असेल तर आधी एमआरआय, मग जाड सुईची बायोप्सी.

रत्नागिरीकर: माझ्या भावाची अशीच घाईत काढली. वर्षभरात त्याच जागी परत आली, दुसरं ऑपरेशन कितीतरी मोठं झालं. परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला न्या. तपासणीच्या काचपट्ट्यांबरोबर मेणाचा ब्लॉकही (गाठीचे तुकडे त्यात जपलेले असतात) मागून घ्या, पुढच्या चाचण्या त्यावरच होतात.

देवगडवरून: ब्लॉक मिळाला. नखाएवढ्या मेणात तांदळाच्या कण्यांसारखे दोन-तीन तुकडे दिसतात. उद्या कणकवलीहून तुतारी एक्सप्रेसने निघतोय.