भूकंपात यिल्ड होणारा ब्रेस इमारतीला सुरक्षित कसा ठेवतो?

प्रश्न
मी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे. पोलादी इमारतींतील ‘बकलिंग-रिस्ट्रेन्ड ब्रेस’चा (दाबाखाली बाजूला वाकू न दिलेल्या तिरक्या आधाराचा) गाभा भूकंपात मुद्दाम यिल्ड होऊ, म्हणजे कायमचा ताणला वा दाबला जाऊ दिला जातो, असे वाचले. इमारतीचा एक भाग असा निकामी होऊ देण्यापेक्षा जाडजूड ब्रेस बसवून तो स्थितिस्थापक मर्यादेतच (बल गेल्यावर मूळ लांबीला परतेल असा) का ठेवू नये?

प्रतिसाद 1
यिल्ड होणे म्हणजे निकामी होणे नव्हे. बाइंडिंग वायर पुन्हा पुन्हा वाकवून सरळ केली की ती हाताला गरम लागते. आपण केलेले काम तिथे उष्णतेत बदललेले असते; यिल्ड होणाऱ्या ब्रेसमध्ये भूकंपाच्या ऊर्जेचे हेच होते. स्थितिस्थापक ब्रेस मात्र साठवलेली ऊर्जा स्प्रिंगप्रमाणे इमारतीला परत करतो, त्यामुळे हेलकावे लवकर शमत नाहीत.

साध्या ब्रेसची अडचण दाबाची आहे. ताणात तो उत्तम यिल्ड होतो, पण दाबात पूर्ण ताकद गाठण्याआधीच बाजूला वाकतो आणि त्या वाकलेल्या जागी काही आवर्तनांत तडकतो. जपानमध्ये 1980 च्या दशकात प्रत्यक्ष वापरात आलेल्या बकलिंग-रिस्ट्रेन्ड ब्रेसमध्ये पोलादी पट्टीचा गाभा मॉर्टर भरलेल्या नळीत असतो आणि दोहोंच्या मध्ये न चिकटणारा थर असतो. अक्षीय (लांबीच्या दिशेचे) बल एकटा गाभा घेतो, नळी त्याला फक्त वाकू देत नाही. दाबाखाली पट्टी किंचित जाड होते, तेवढी फटही ठेवावी लागते. ती नसेल तर गाभा मॉर्टरला घट्ट धरतो आणि नळीही बल घेऊ लागते. (ही फट मला या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.)

आकडा पाहा: 250 मेगापास्कल यिल्ड ताकदीच्या पोलादाचा 3 मीटर लांबीचा गाभा जेमतेम 4 मिलिमीटर ताणला की यिल्ड होतो. 2 टक्के विकृतीला (लांबीतील बदलाला) तोच 60 मिलिमीटर ताणलेला असतो. शोषलेली बहुतेक सर्व ऊर्जा या मधल्या अंतरात खर्च होते.

प्रतिसाद 2
जाड ब्रेसबद्दल एक भर घालतो. ब्रेस जितका बलवान, तितके मोठे बल जोड, कॉलम आणि पाया यांच्यावर येते, आणि मग त्यांपैकी कोणता भाग आधी तुटेल हे योगायोगावर राहते. कॅलिफोर्नियातील नॉर्थरिज येथे 17 जानेवारी 1994 रोजी झालेल्या भूकंपात अनेक पोलादी इमारतींत बीम-कॉलमच्या वेल्डेड जोडांनाच तडे गेले. त्या चौकटी ब्रेसच्या नव्हत्या, तरी धडा तोच आहे: यिल्ड कुठे होणार हे अभियंत्याने ठरवायचे आणि बाकीचे सर्व भाग यिल्ड होणाऱ्या ब्रेसच्या वाढलेल्या, दृढीकरणानंतरच्या (यिल्ड होताना पोलाद अधिक बलवान झाल्यानंतरच्या) बलासाठी संकल्पित करायचे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. भूकंपानंतर अशा ब्रेसचे काय करतात?

प्रतिसाद 2
तपासून, गरज असल्यास बदलता येतात. गसेट प्लेटला (ब्रेस चौकटीला जोडणाऱ्या पोलादी पट्टीला) बोल्टने जोडले असल्यास ते सोपे जाते. मात्र यिल्ड झालेला गाभा इमारतीला मूळ जागी ओढत नाही, त्यामुळे मजले थोडे कललेले राहू शकतात. म्हणूनच काही अभियंते सोबत ताठ जोडांची दुय्यम चौकट देतात, आणि माझ्या मते ती खर्चाच्या कारणाने वगळू नये.