डिफेंडर कोच झाला की टीम घाबरट होते म्हणे! (डेरिक परेरा आणि बाकीचं सगळं)

तिसरा_स्टॉपर
काल एक पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. मजकूर थोडक्यात असा की डिफेंडर कोच झाला की अख्खी टीम डिफेंडर होते, डेरिक परेराचंच बघा, इतकी वर्षं कोचिंग करून नॅशनल लीग एकच आणि ती पण बॅरेटोच्या जिवावर, उगाच डोक्यावर घेतलाय. खाली हसऱ्या स्मायल्यांची रांग. तिथे उत्तर लिहायला गेलो तर लांबलं, म्हणून इथे टाकतोय.

मी स्वतः कॉलेजला स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर. आमच्याकडे निवडीची पद्धत अशी की पळणारे पुढे, चलाख मध्ये आणि उरलेला जाडा मागे. तो जाडा मी. पण मागे उभं राहिलं की एक कळतं, अख्खं मैदान समोर दिसतं ते फक्त कीपरला आणि तुम्हाला. कीपर ओरडतो चढ, तुम्ही चार पावलं चढता, हात वर करता, आणि मग कळतं की लेफ्ट बॅक तिकडे बुटाची नाडी बांधतोय आणि त्यांचा विंगर आरामात आत शिरलाय. गोल. शिव्या तुम्हाला. दहा वर्षं असं खेळलेला माणूस दुसऱ्याची चूक चार सेकंद आधी ओळखायला शिकतो, आणि कोचिंग म्हणजे दुसरं काय असतं?

आता परेरा. साळगावकरचा स्टॉपर, इंडिया खेळलेला. कोच म्हणून २००५-०६ ला महिंद्रा युनायटेडला नॅशनल लीग मिळवून दिली, महाराष्ट्रातल्या क्लबची पहिली. त्याच सीझनला फेडरेशन कप पण. मग पुणे एफसी, आय-लीगला (नॅशनल लीगचाच पुढचा अवतार) क्लबच्या पहिल्याच वर्षी २००९-१० ला तिसरे, २०१२-१३ ला दुसरे. बॅरेटो आणि याकुबू दोघं पुढे होते हे खरं, पण भारी फॉरवर्ड घेऊन कितीतरी कोच काहीच न जिंकता घरी गेलेत. बॅरेटोला मोकळं सोडायचं तर मागे दार लावणारा कुणीतरी लागतो की नाही?

आधी_बघून_बोला
ती पोस्ट माझी. नाव घ्यायला लाजलास का?

जाड्या स्टॉपरची कथा गोड आहे, पण मुद्दा कुठेय? पुण्याला चार वर्षं दिली, कपाटात काय आलं? एफसी गोवा २०२१-२२, आयएसएल म्हणजे नव्या फ्रँचायझी लीगमध्ये नववे. इंडिया अंडर-२३ घेऊन २०१९ ला क्वालिफायरला गेला, उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान, दोन्ही हरलो, गोल एक पण नाही. एक पण नाही!! दार लावणारा म्हणे. दार इतकं घट्ट लावलं की आपलीच माणसं आत अडकली.

फातोर्डाकर
पात्रांव, जरा श्वास घे. २०२१-२२ चं बोलतोस तर पूर्ण बोल. गोव्याचा कोच फेरांडो डिसेंबरमध्ये सीझन अर्धवट टाकून मोहन बागानला गेला, टीम कोविडच्या बायो-बबलमध्ये, स्टँड रिकामे, आणि तेव्हा टेक्निकल डायरेक्टरच्या खुर्चीतल्या माणसाला सांगितलं की तू सांभाळ. बुडती होडी हातात द्यायची आणि वर विचारायचं मासे किती पकडले.

माझा बाबा साळगावकरवाला, वास्कोचा. १९८८ आणि १९८९, लागोपाठ दोन फेडरेशन कप, त्याआधी गोव्याच्या एका क्लबला तो कप मिळाला नव्हता. बाबा अजून सांगतो की त्या टीमची मजा पुढच्या पोरांत नव्हती, मजा ही होती की मागून कोणी घाबरत नव्हतं. आता बाबाचं अर्धं खरं अर्धं फेणीचं असतं, पण कप तर खरे आहेत ना.

आणि २०१४ चा ड्युरँड कप विसरला काय? परेराचा साळगावकर फायनलला पुणे एफसीशी, १-० जिंकला. पुण्याच्या बेंचवर करीम बेंचेरिफा, ज्यानं २०१०-११ ला साळगावकरला आय-लीग जिंकून दिलेली. दोघांनी एकमेकांची जुनी घरं घेतलेली. असली फायनल पुन्हा होणार नाही.

आधी_बघून_बोला
१-०. बघ, मी काय म्हणत होतो.

कूपरेज_ईस्ट
१-० ला हसणारा माणूस फुटबॉल बघतो की कॅरम?

मी महिंद्राचा. म्हणजे होतो. लीग जिंकली २००६ ला, टीम बंद २०१० ला. चॅम्पियन झाल्यावर चार वर्षांत!! कंपनी म्हणाली आता आम्ही शाळेतल्या मुलांसाठी काम करणार. करा की, पण ती मुलं मोठी होऊन कुठे खेळणार, पार्किंगमध्ये? माझ्याकडे त्या वेळची लाल जर्सी आहे, बायकोनं दोनदा पोछ्याला काढलेली, दोनदा परत आणली.

आणि लक्षात घ्या, परेराचा महिंद्रा बंद. पुणे एफसी, २०१५ ला बंद. नंतर डीएसके शिवाजीयन्स, २०१७ ला बंद. साळगावकर, २०१६ ला आय-लीग सोडली. या माणसाचं करिअर मोजणार कशानं? ज्या घरात राहिला ते घरच पाडलं.

आधी_बघून_बोला
चार क्लब, चारही उठले. आमच्याकडे याला वेगळा शब्द आहे 😄

फातोर्डाकर
हे बोलायला लाज वाटली पाहिजे. साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग, गोव्याच्या तिन्ही क्लबांनी मिळून २०१६ ला लीग सोडली, कारण आयएसएल वर आणि आम्ही खाली असा फेडरेशनचा प्लॅन होता. पाच वेळा देश जिंकलेला धेंपो, त्याला सांगायचं की तू आता दुसऱ्या रांगेत बस. यात कोचचा काय संबंध? पनवती बिनवती घरी ठेव.

आधी_बघून_बोला
मी शब्द लिहिलाच नाही, तूच लिहिलास.

नदीपात्र_नाईन
पुण्याचा विषय निघालाच आहे तर बोलतो. पुणे एफसी, डीएसके, मग एफसी पुणे सिटी, ती पण २०१९ ला गुंडाळली. तीन क्लब पचवले या शहरानं. आणि दोष कुणाचा? आपला. मी बालेवाडीला कितीतरी मॅच बघितल्या, वर्किंग डेला, दुपारी. ऑफिसात दाताचं कारण सांगून निघायचं, बस बदलायची, हायवेला उतरून चालायचं, गेटवर बाटलीचं झाकण काढून घेणार मग पाणी शर्टवर, आणि आत गेल्यावर आपला आवाज आपल्यालाच परत ऐकू येणार इतकी मोकळी खुर्ची. एकदा माझ्या रांगेत मी आणि एक आजोबा. आजोबा चुकून आलेले, त्यांना वाटलं ॲथलेटिक्स आहे. पण हाफ टाइमला मला विचारतात, तो मागचा सारखा बॉलच्या आधी पोचतो कसा? तो अनस, पुणे एफसीचा डिफेंडर. २०११ पासून पुण्यात, इंडियाचा चान्स मिळाला २०१७ ला, वय तीस. एवढी वर्षं आपल्या घरामागे खेळला आणि आपण सिंहगड रोडला मिसळ खात होतो.

पेठेतला_पोरगा
आमच्याकडं या एकदा 🙏 कोल्हापुरात शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि दिलबहारची मॅच लागली की दुकानं लवकर बंद हुत्यात. तिकीट काढून येत्यात लोकं, कंपनी न्हाई मालक न्हाई, तालमीची टीम हाय. आज्जा खेळला, बा खेळला, पोरगा खेळतोय. टीम बंद करायला कुणाच्या बापाचं चालत न्हाई. तुमचं क्लब बंद पडलं कारण ते तुमचं कधी नव्हतंच, भाड्याचं हुतं.

नदीपात्र_नाईन
झालं, कोल्हापूर आलं. आता रंकाळा पण आण.

पेठेतला_पोरगा
रंकाळा कशाला, अनिकेत जाधव आणतो. २०१७ चा अंडर-१७ वर्ल्डकप खेळला की. तुमच्या पुण्यातनं कोण हुतं त्यात?

कूपरेज_ईस्ट
आणि तुमची तालीम आय-लीगला का नाही रे मग? शहराच्या बाहेर कुणी विचारत नाही म्हणून का? प्रेम आहे ते दिसतंय, पण पेठेबाहेर पाऊल टाकायला पैसा लागतो, तो कंपनीच देते, आणि कंपनी कंटाळली की जाते. दोन्हीकडून बोंब.

पेठेतला_पोरगा
पैसा न्हाई हे मान्य. भांडणं बी हायत, मॅच थांबत्यात, दगड पडत्यात, ते बी मान्य. पर तुमच्या जर्सीचा पोछा हुतोय, आमच्या जर्सीचा न्हाई हुत.

कूपरेज_ईस्ट
हे लागलं. उत्तर नाहीये माझ्याकडे. पण माफी पण मागणार नाही.

तिसरा_स्टॉपर
अरे मंडळी, विषय डिफेंडर आणि कोच असा होता.

चहा_आणि_पेनल्टी
विषयावर येते. मी कीपर होते, युनिव्हर्सिटीला. आमचा कोच जुना फॉरवर्ड, डिफेंडरना एकच सूचना, उडव बाहेर. कुठे उडव, कुणाला उडव, काही नाही. अर्धा सीझन मी नुसते थ्रो-इन बघितले. मग दोन महिने बदली म्हणून एक जुना साइड बॅक आला, त्यानं पहिल्या दिवशी बॉल बाजूला ठेवला आणि आम्हा पाच जणींना दोरी धरायला लावली. खरी दोरी, कपडे वाळत घालायची. एक चढली की सगळ्या चढायच्या, एक सरकली की दोरी हाताला कापायची. हाताला वळ उठले, पण गोल अर्ध्यावर आले. त्याला पुढे कायम का नाही ठेवला ते विचारू नका, फॉरवर्ड साहेबांची ओळख वरपर्यंत होती.

तर माझं मत, डिफेंडर कोच टीम घाबरट करत नाही, टीमला दोरी देतो. तिच्या पुढे काय करायचं ते मात्र सगळ्यांना शिकवता येत नाही, आणि इथे पोस्टवाल्याचं थोडंसं, अगदी थोडंसं, खरं आहे.

आधी_बघून_बोला
थोडंसं दोनदा लिहिल्याबद्दल आभार.

दोरीची गोष्ट आवडली, खोटं कशाला बोलू. पण मोठी नावं बघा ना, बेकनबाउर. १९७४ ला कॅप्टन, १९९० ला कोच, दोन्हीकडे वर्ल्डकप. तो पण मागचाच, पण त्याच्या टीमला कुणी घाबरट म्हणालं का? फायनल १-० जिंकली, पेनल्टीवर, तरी नाही. म्हणजे डिफेंडर असणं हा प्रॉब्लेम नाही हे मी मान्य करतो. माझा प्रॉब्लेम परेराशी आहे.

तिसरा_स्टॉपर
थांब. पोस्टचं पहिलं वाक्य काय होतं? "डिफेंडर कोच झाला की." आणि तुला चालणारं १-० कुठलं आणि न चालणारं कुठलं, याची यादी दे बरं.

आधी_बघून_बोला
पहिलं वाक्य एडिट करतो. बाकी पोस्ट तशीच राहणार.

फातोर्डाकर
एडिट करताना महेश गावळीला पण घाल. आमचाच, तो पण स्टॉपर. २०२३ च्या सॅफला, दक्षिण आशियाच्या कपला, इंडियाचा तेव्हाचा कोच स्टिमाचला रेड कार्ड मिळालं आणि टचलाइनवर उभा कोण? गावळी. सेमी लेबनॉन, फायनल कुवेत, दोन्ही पेनल्टीवर काढल्या, कप आपला. आणि पेपरात फोटो स्टिमाचचे.

कूपरेज_ईस्ट
हीच तर खरी बोंब आहे. आयएसएल २०१४ ला सुरू झाली, आणि भारतीय माणसाला पूर्ण हेड कोच करायला २०२१ उजाडलं, तो पण खालिद जमील, आमच्या महिंद्राचाच जुना मिडफिल्डर. २०१७ ला ऐझॉलला आय-लीग जिंकून दिलेला माणूस, तरी चार वर्षं थांबला. आता २०२५ ला इंडियाचा कोच केलाय म्हणून सगळे म्हणतात बघा आम्ही सांगत होतो. कुणी सांगत नव्हतं! परेराचं वय त्या रांगेत गेलं. पंचावन्न ते साठी, कोचची चांगली वर्षं, ती असिस्टंट आणि टेक्निकल डायरेक्टर म्हणून. खुर्ची मिळाली ती कुणीतरी पळाल्यावर.

आधी_बघून_बोला
हे मात्र मी मोजलं नव्हतं. बरं. ओव्हररेटेड मागे घेतो. अंडररेटेड म्हणणार नाही, मेलो तरी. नववा नंबर नववाच असतो.

फातोर्डाकर
नववा मलाही झोंबलेला, खोटं नाही. त्या सीझनला मी तीन मॅचनंतर टीव्ही बाबाला दिला. बाबानं पण दिला परत.

नदीपात्र_नाईन
कुणाकडे पुणे एफसीची जुनी जर्सी एक्स्ट्रा आहे का, लार्ज? विकत घेतो. पोछा झालेली पण चालेल.

पेठेतला_पोरगा
🤣 कूपरेजवाल्याच्या बायकोला इचारा.