व्हर्सायचं रॉयल चॅपल: दारातून बघितलं तर बघितलं म्हणायचं का?

खिडकीची_सीट
आईबाबांना घेऊन नुकतीच पॅरिसजवळच्या व्हर्सायच्या राजवाड्यात जाऊन आले. तिथल्या चॅपलमध्ये, म्हणजे राजवाड्यातल्या चर्चमध्ये, आत सोडत नाहीत, दाराशी दोर असतो, त्यामुळे ग्रुपवर एकजण म्हणाला की ते स्किप करा, सरळ आरसेमहालात जा. मला हे अजिबात पटलं नाही. खालच्या दारातून बघितलं तर फक्त कमानी आणि रंगीत संगमरवरी फरशी, ठीकठाक. पण वरच्या मजल्यावर गेलात की एकदम पांढरे उंच खांब, खिडक्यांतून भसाभस उजेड आणि समोर वेदीच्या वर सोनेरी ऑर्गन, म्हणजे नळ्यांचं भलंमोठं वाद्य! राजा, म्हणजे चौदावा लुई, वरच बसायचा, त्याच्या दालनांच्या लेव्हलला, म्हणजे हा देखावा त्याच्यासाठीच मांडलाय आणि तो आपल्याला त्याच बाजूने दिसतो. बाबा पाच मिनिटं मान वर करून छत बघत होते. आणखी काय पाहिजे?

रिकामटेकडा
राजाच्या जागेवरून दिसतं हे बरोबर, पण आपण राजे नाही ना ताई. खालचा मजला होता दरबारी आणि बाकीच्या लोकांसाठी, लुई एरवी वरच, खाली उतरायचा तो मोठ्या सणांना नाहीतर घरच्या लग्नाबारशाला. म्हणजे तेव्हा पब्लिक जिथे उभं राहायचं तिथेच आज तिकीट काढून आलेल्याला दोर. त्यात छतावरची चित्रं तीन चित्रकारांनी वाटून घेतलेली, मधे क्वापेल, वेदीवर ला फॉस, राजाच्या डोक्यावर जूव्हने. दारातून तिन्ही नीट दिसतात का? उगाच राजेशाही फील वगैरे म्हणू नका.

खिडकीची_सीट
जूव्हनेचं नाही दिसलं, मान्य. पण ते राजाच्या डोक्यावरच आहे, त्याला तरी कुठे दिसत असेल 😄

पणजीकर
आमच्या जुन्या गोव्यात या. बॉम जेझूची बॅसिलिका 1605 ची, म्हणजे या चॅपलपेक्षा शंभर वर्षांनी जुनी, त्याच बरोक शैलीतली, आणि आत जाऊन बाकावर बसा, कोणी अडवत नाही. बघायची वस्तू झाली की चर्चचा जीव गेला.

आळशी_मुंगी
तुलना चुकतेय भाऊ. बॉम जेझूत आजही मास (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) होतो, व्हर्साय 1837 पासून म्युझियम आहे, वर्षाला लाखो लोक. ते सगळे त्या फरशीवरून चालले तर काय उरेल? 2017 ते 2021 चार वर्षं नुसतं छप्पर, बाहेरचे पुतळे आणि रंगीत काचा दुरुस्त करण्यात गेली. दोर राहू दे.

रिकामटेकडा
मग वीस-वीस जणांच्या बॅचेस करा, मोजे घालायला लावा. पूर्ण बंद हा आळस आहे.

चहाबाज_पॅरिसात
इथेच राहतो म्हणून सांगतो, दोन्ही पार्ट्या डोळ्यांवरच भांडतायत. ही जागा कानांसाठी पण आहे. रोज सकाळी राजाच्या मासला संगीत असायचं, ऑर्गन आणि गायक वेदीच्या वर, राजाच्या बरोब्बर समोर. म्हातारपणी बांधून घेतलं बिचाऱ्याने, 1710 ला पूर्ण झालं आणि 1715 ला तो गेला, पाचच वर्षं मिळाली. त्याचा आर्किटेक्ट आर्दुआँ-मान्सार तर त्याआधीच, 1708 ला गेला, उरलेलं काम द कोत या दुसऱ्या आर्किटेक्टने केलं. आत जायचंय ना? कॉन्सर्ट असतात, त्याचं तिकीट वेगळं, पण चक्क आत खुर्ची मिळते. मी खाली बसलो होतो. ऑर्गन सुरू झाला तेव्हा आवाज वरून आधी आला, मग मागून, मग कुठूनही. छताकडे बघायचंच राहिलं.

रिकामटेकडा
बघा! म्हणजे आत बसू देतात तेव्हा फरशी झिजत नाही वाटतं.

आळशी_मुंगी
काहीशे लोक खुर्चीवर बसणं आणि दिवसभर हजारोंनी बूट घासत जाणं एकच का?

खिडकीची_सीट
चहाबाज, कॉन्सर्टला वरच्या गॅलरीत बसवतात का हो? बाबा विचारतायत, त्यांना जूव्हने बघायचाय.