मदत हवी आहे: टेकडीसाठी पैसे मिळतायत, पण अट पाच हजार रोपांची

नमस्कार मंडळी,

पुण्याच्या पश्चिमेला एका टेकडीवर आमचा गट काम करतो. टेकडीचं नाव मुद्दाम देत नाही, ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्यातले काही इथे वाचायला येतात. वरचा भाग वनविभागाचा आहे आणि उताराचा एक पट्टा बीडीपीत येतो. समाविष्ट 23 गावांतलं 978 हेक्टरचं जैवविविधता उद्यानाचं आरक्षण 2015 साली मंजूर झालं, तेच हे. गटात निवृत्त मंडळी जास्त, थोडे आयटीवाले, आणि वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या एक बाई, ज्यांच्यासमोर कुणी विचारल्याशिवाय रोप लावायला धजत नाही. नोंदणी नाही, बँक खातं नाही. कुदळी-घमेली एका काकांच्या गॅरेजमध्ये असतात.

काम साधंच. घाणेरीची (लँटाना) झुडपं उपटायची, थंडी सरता सरता जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) काढताना वनरक्षकांच्या हाताखाली उभं राहायचं, फिरायला येणाऱ्यांनी पाडलेल्या आडवाटा दगड रचून बंद करायच्या. या शेवटच्या कामासाठी आम्ही सर्वात जास्त शिव्या खाल्ल्या आहेत. पण एकेका आडवाटेची दोन पावसांत घळ होते आणि माती थेट खालच्या नाल्यात जाते.

आता प्रश्न. एका कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या समाजकार्याच्या निधीतून, पैसे देऊ केलेत. रक्कम आम्ही स्वप्नातही पाहिली नव्हती एवढी. अट एकच: जूनमध्ये पाच हजार रोपं, शक्यतो मियावाकी पद्धतीने (रोपं अगदी दाटीने लावून छोटं जंगल करायचं), वरच्या पठारावर. त्यांचे साहेब येऊन बघून गेले आणि म्हणाले, "एवढी जागा रिकामी पडलीये!"

ती रिकामी नाही हो. मुरमाड जमीन, वीतभर माती, खाली कातळ. त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल. चंडोल तिथेच असतात, माळटिटवी उघड्यावर खडे सारून अंडी घालते, गवतात तित्तर. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत उरकणारा. अशा जागी जी झाडं आपणहून येतात ती लांबलांब उभी असतात: हिवर, मेडशिंग, मोई, उताराला सालई आणि सोनसावर. दर चौरस मीटरला तीन रोपं कोंबून तिथे जंगल उभं करायचं, तर खड्ड्यात बाहेरची माती भरा, टँकर लावा, आणि गवत गेलं ते गेलंच.

झाडं लावण्याचा एक प्रयोग पुण्याच्या टेकड्यांवर होऊन गेला आहे. गिरिपुष्प. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं झाड, झटपट वाढतं, शेळ्या फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून सगळीकडे लावलं गेलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गुलाबी फुलं आली की लोक फोटो काढायला धावतात. पण त्याच्याखाली वाकून बघा, दुसरं फार काही उगवलेलं दिसत नाही. तोडलं तर बुंध्यातून पुन्हा फुटतं.

गटात सरळ दोन तट पडलेत. एक म्हणतो, लक्ष्मी आलीये, रोपं लावू आणि उरलेल्या पैशात आपलं काम करू. दुसरा म्हणतो, नकोच. मी दुसऱ्या तटात, पण मला पैसे हवेतच. वर्षभरासाठी दोन रखवालदार, एक माहीतगार माळी आणि देशी रोपांची छोटी रोपवाटिका, एवढं जमलं तर टेकडीचं रूप पालटेल. मात्र पगारासाठी कुणी पैसे देत नाही, रोपांसाठी देतात.

तर कंपनीला अट बदलायला कसं पटवायचं? नोंदणी कुठली करावी? आणि वनविभागाच्या जमिनीवर आमच्यासारख्यांना कायमस्वरूपी काम करता येईल असा लेखी करार कुणी केला आहे का?

ओंजळ
राग मानू नका, पण हे जरा अतीच वाटतंय. शहर तापतंय, झाडं कापली जातायत, आणि तुम्हाला कुणी पाच हजार झाडं देतंय तर गवतासाठी नाही म्हणणार? सामान्य माणसाला सावली हवी असते.

धागाकर्ता
राग कसला, आमच्या बैठकीत हेच वाक्य दर वेळी ऐकतो. सावली हवीच. ती खालच्या रस्त्यांना, शाळेच्या मैदानाच्या कडेला, सोसायट्यांच्या आवारात हवी. तिथे माती आहे, पाणी आहे, माणसं आहेत. तिथे पाच हजार लावायला मी स्वतः खड्डे खणतो. पण तिथे आलं पार्किंग, म्हणून सगळी हौस टेकडीवर.

खडूस लेखापाल
पैशाच्या बाजूचं सांगतो, बाकीचं मला कळत नाही.

तुमच्या नावावर पैसे येऊच शकत नाहीत, त्यामुळे भांडण सध्या हवेतलं आहे. सीएसआरचे पैसे राबवायला संस्थेची कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी लागते, त्याआधी आयकर खात्याकडची बारा-ए आणि ऐंशी-जी, आणि शिवाय तशाच कामाचा निदान तीन वर्षांचा अनुभव. आज अर्ज केलात तरी या जूनला उपयोग नाही. तेव्हा आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या विश्वासाच्या संस्थेमार्फत सुरुवात करा आणि समांतर आपली नोंदणी करून घ्या. आपल्याकडे 1860 च्या कायद्याखाली संस्था आणि 1950 च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास, दोन्ही धर्मादाय कार्यालयातच होतं. सात जण लागतात. सात असे निवडा जे बैठकीला येतात. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. हे न करून वर्षानुवर्षं लटकलेल्या संस्था मी बघितल्या आहेत.

आता पगाराचं. पाच टक्क्यांची जी मर्यादा सगळे सांगतात ती कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. टेकडीवर राबणाऱ्या रखवालदाराचा पगार हा प्रकल्पाचा खर्च. शिवाय कंपनी हे 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून मंजूर करू शकते. म्हणजे सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं पैसे टप्प्याटप्प्याने येतात. त्यांच्या सीएसआरवाल्या माणसाला हे माहीत असतं, त्याला फक्त वरिष्ठांसमोर ठेवायला कागद हवा असतो. तो कागद तुम्ही करून द्या.

सालई
बाईंना माझा नमस्कार सांगा.

कंपनीला "नाही" म्हणू नका, दुसरं काम द्या. त्यांना आकडा आणि फोटो हवा असतो, दोन्ही देता येतात. किती हेक्टर घाणेरी काढली, किती मीटर जाळरेषा, किती आडवाटा बंद. त्यांचे कर्मचारी एका सकाळी घाणेरी काढायला बोलवा. फळं धरण्याआधी, नाहीतर पक्षी बी सगळीकडे नेतात. झुडूप वरून कापू नका, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली मूळ तोडा आणि उलटं करून ठेवा. ढीग केवढा होतो बघा, रोप हातात धरलेल्या फोटोपेक्षा भारी दिसतो.

गिरिपुष्प एकदम साफ करायच्या भानगडीत पडू नका. सावली एकदम गेली की घाणेरी आणि तो पिवळा कॉसमॉस टपलेलेच असतात. त्याच्याखाली कुठे धावड्याचं, बारतोंडीचं पोर दिसलं तर तेवढ्यापुरतं भोवतालचं विरळ करायचं, तेही वनविभागाच्या माणसाने. विदेशी झाड आहे म्हणून परवानगी लागत नाही असं समजू नका. राखीव वनात नुसतं खणणंही गुन्हा ठरू शकतं. बीडीपीच्या पट्ट्यात आधी सातबारा बघा, खासगी मालक असेल तर त्याची संमती, आणि झाड तोडायचं तर वृक्ष प्राधिकरण.

आणि हो, पठारावर पाणी अडवायला सलग समतल चर (उताराला आडवे लांब खड्डे) खणायचं कुणी सुचवलं तर आडवे पडा.

नाना एडिसनकर
न्यू जर्सीतून लिहितोय. इकडचं उदाहरण कितपत लागू पडेल माहीत नाही, तरी सांगतो. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क 1970 च्या दशकात पार उजाड झालं होतं. 1980 मध्ये नागरिकांच्या पुढाकाराने सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी उभी राहिली आणि शहराबरोबर रीतसर व्यवस्थापनाचा करार झाला तो 1998 मध्ये. मधली अठरा वर्षं त्यांनी काम करून दाखवलं. जमीन आजही शहराचीच आहे. मला त्यांची एक गोष्ट फार पटते: बागेचे छोटे छोटे विभाग पाडलेत आणि प्रत्येकाची जबाबदारी एकेका माळ्यावर. बिघडलं तर कुणाला विचारायचं ते ठरलेलं.

सालई
नाना, तेवढं लांब कशाला, गुरुग्रामचं अरवली जैवविविधता उद्यान बघा की. जुन्या खाणींची जागा, जमीन सरकारी, आणि नागरिकांच्या संस्थेने महापालिकेबरोबर 2010 पासून काम केलं. अरवलीतल्याच झाडांची रोपवाटिका आधी केली, लागवड त्यातून. 2022 मध्ये देशातलं पहिलं ओईसीएम स्थळ (अभयारण्यासारखं संरक्षित क्षेत्र नसूनही जिथे जैवविविधता टिकते अशी जागा) म्हणून त्याची नोंद झाली. धागाकर्ते, हे कंपनीच्या साहेबांना नक्की दाखवा. मोठ्या शहराचं नाव घेतलं की ऐकतात.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. लेखापालसाहेब, तुमच्या उत्तराची प्रत गटावर टाकली, दोन्ही तट एकदम गप्प झाले. असं ठरतंय: कंपनीला तीन वर्षांचा आराखडा द्यायचा, पठार त्यातून पूर्ण वगळायचं, आणि रोपं हवीच असतील तर खालच्या रस्त्याच्या कडेला. टेकडीचे विभाग पाडायची कल्पना काकांना इतकी आवडली की त्यांनी स्वतःसाठी गॅरेजजवळचा सपाट विभाग मागून ठेवलाय. मोबदल्यात आडवाटांचं खातं त्यांच्याकडे दिलंय, शिव्या आता त्यांना.

वनविभागाबरोबरच्या कराराचा मराठी नमुना कुणाकडे असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. संयुक्त वन व्यवस्थापनाचा गावांसाठीचा मसुदा आमच्याकडे आहे, शहरातल्या टेकडीला चालेल असा हवा आहे.