सेबन गेले, ४९ तासांत डीबोर आले: घाई नडली की घाईनेच संघ वाचला? (चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुरावरचं नाव हे लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मैदानकाठ

निक सेबन यांनी १० जानेवारी २०२४ रोजी अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं कोचपद अचानक सोडलं. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, हेल्मेट घालून खेळतात तो.) १७ मोसमांत ६ राष्ट्रीय विजेतेपदं, त्याआधी लुइझियाना स्टेट विद्यापीठात (एलएसयू) २००३ चं एक. शेवटचा सामना नऊच दिवस आधीचा, रोझ बोल या मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यात मिशिगनकडून जादा वेळेत २७-२० अशी हार. ॲथलेटिक डायरेक्टर ग्रेग बर्न यांनी खेळाडूंना ७२ तासांत नवा कोच आणण्याचा शब्द दिला, आणि ४९ तासांच्या आसपास वॉशिंग्टनच्या केलन डीबोर यांना आणलंसुद्धा.

माझी तक्रार डीबोर यांच्याबद्दल नाही. १०४ विजय, १२ पराभव असा हिशेब घेऊन आलेला माणूस आहे तो. तक्रार क्रमाबद्दल आहे. कोच हा कळस असतो. त्याखाली, तेव्हाच्या नियमाने, दहा सहाय्यक, बलसंवर्धनाचा प्रशिक्षक, भरती सांभाळणारी माणसं आणि शिष्यवृत्तीवरचे ८५ खेळाडू असतात. आधी हा पाया बांधून घ्यायचा, सहाय्यकांशी नवे करार करायचे, आठ-दहा दिवस हंगामी माणूस बसवायचा आणि मग कोच निवडायचा. इथे उलटं झालं. कोच आधी आला, त्याने आपली माणसं आणली आणि ज्यांच्या शब्दावर पोरं आली होती ते बरेच सहाय्यक पांगले. शिवाय डीबोर यांचं सगळं आयुष्य साउथ डाकोटा, मिशिगन, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन इकडे गेलेलं. दक्षिणेतल्या शाळांत, तिथल्या हायस्कूल कोचच्या घरी ओळख लागते. ती दोन दिवसांत होत नाही.

ओक्लाहोमाचं उदाहरण घ्या. बॉब स्टूप्स ७ जून २०१७ ला असेच अचानक थांबले. आक्रमणाचे समन्वयक (चेंडू आपल्याकडे असतानाचा खेळ ठरवणारे सहाय्यक) लिंकन रायली, वय ३३, त्याच दिवशी कोच झाले. बाकीची माणसं बहुतेक तीच, डावपेचांची भाषा तीच. पहिल्याच मोसमात १२-२ (१२ विजय, २ पराभव) आणि थेट प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाची बाद फेरी.

चौथा डाऊन

मैदानकाठ, तुमचा क्रम कागदावर ठीक आहे, पण घड्याळ तुम्ही धरलंच नाही. मुख्य कोच गेला की त्या संघाच्या खेळाडूंना ट्रान्सफर पोर्टलमध्ये (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्यांच्या अधिकृत यादीत) जायला तेव्हाच्या नियमाने ३० दिवसांची खिडकी उघडायची. ती १० जानेवारीला उघडली. तुमच्या हिशेबाने २० जानेवारीपर्यंत हंगामी माणूस बसवला असता, तर एकतृतीयांश खिडकी बिनकोचची गेली असती. त्या काळात बाकी विद्यापीठांचे फोन थांबतात थोडेच! डीबोर ४९ तासांत येऊनही सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) केलेब डाउन्स ओहायो स्टेटला गेला, नुकताच आलेला क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा) ज्युलियन सायिन तिथेच गेला, रिसीव्हर (पास झेलणारा) आयझाया बाँड टेक्ससला आणि डावा टॅकल (क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा) केडिन प्रॉक्टर आयोवाला. प्रॉक्टर वसंतात परत आला, म्हणून निभावलं. दहा दिवस खुर्ची रिकामी असती तर यादी किती लांबली असती, ते तुम्हीच सांगा.

दुसरं, ओक्लाहोमाचं जून आणि अलाबामाचं जानेवारी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१७ मध्ये विद्यापीठ बदललं की साधारण एक वर्ष बाहेर बसावं लागायचं, म्हणून पोरं जागेवर राहायची. आता पोरगं सोमवारी निघालं तर शुक्रवारी दुसऱ्या जर्सीत असतं.

तिसरं, अलाबामात घरचा माणूस होता तरी कोण? बचावाचे समन्वयक केव्हिन स्टील यांचीही निवृत्ती त्याच सुमाराची. आक्रमणाचे टॉमी रीस ३१ वर्षांचे, अलाबामात त्यांचा एकच मोसम झालेला. रायली ओक्लाहोमात दोन वर्षं रुळलेले होते.

आणि घरचा माणूस म्हणजे हमी असं वाटत असेल तर वॉशिंग्टनकडेच बघा. २०१९ च्या अखेरीस ख्रिस पीटरसन असेच अचानक बाजूला झाले. बचावाचे समन्वयक जिमी लेक यांना लगेच बढती मिळाली. सगळं तुमच्या मनासारखं, भाषा तीच, माणसं ओळखीची. नोव्हेंबर २०२१ मध्ये लेक यांना काढावं लागलं. ते घर कोणी सावरलं? बाहेरून आलेल्या डीबोर यांनी, दोन मोसमांत २५ विजय आणि ३ पराभव.

विशबोन

हा वाद अलाबामात चाळीस वर्षांपूर्वीही झाला आहे, त्यामुळे थोडं मागे जाऊ. अलाबामाचे तेव्हाचे कोच बेअर ब्रायंट यांनी डिसेंबर १९८२ मध्ये निवृत्ती जाहीर केली, २९ डिसेंबरला लिबर्टी बोलमध्ये इलिनॉयला २१-१५ हरवलं आणि २६ जानेवारी १९८३ ला ते वारले. जागेवर रे पर्किन्स आले, न्यूयॉर्क जायंट्स या व्यावसायिक संघाचं कोचपद सोडून. पर्किन्स हे ब्रायंट यांच्याच हाताखाली खेळलेले, म्हणजे पक्के घरचे. तरी पहिल्या काही महिन्यांत त्यांनी दोन गोष्टी केल्या. विशबोन ही तीन धावकांची जुनी रचना मोडून व्यावसायिक संघांसारखं पास टाकणारं आक्रमण आणलं. आणि सरावाच्या मैदानावरचा ब्रायंट यांचा मनोरा हलवला. त्या लोखंडी मनोऱ्यावर चढून म्हातारा भोंग्यातून ओरडायचा, आणि खाली पोरं मान वर न करता जीव तोडून पळायची. पर्किन्स यांना मैदानावर उतरून शिकवायचं होतं, त्यांच्या दृष्टीने मनोऱ्याचं काम नव्हतं. लोकांच्या दृष्टीने मात्र ते देवघरातून मूर्ती उचलण्यासारखं होतं. पुढे तो परत उभा केला, आजही आहे.

१९८४ ला ५-६. १९५७ नंतरचा पहिला तोट्याचा मोसम. त्या वर्षी दुबळ्या समजल्या जाणाऱ्या व्हँडरबिल्टनेसुद्धा हरवलं, हे लक्षात ठेवा.

पर्किन्स यांच्यानंतर बिल करी आले, खरेखुरे बाहेरचे, जॉर्जिया टेकचे. २६-१०, पण कट्टर प्रतिस्पर्धी ऑबर्नविरुद्ध ०-३, आणि एका पराभवानंतर त्यांच्या ऑफिसच्या खिडकीवर वीट आली. मग जीन स्टॉलिंग्ज आले, जे टेक्सस ए अँड एममध्ये ब्रायंट यांच्याकडे खेळले आणि अलाबामात त्यांचे सहाय्यक होते. १९९२ चं विजेतेपद त्यांचं. म्हणजे घरचा पर्किन्स अडखळला, घरचाच स्टॉलिंग्ज जिंकला. घर-बाहेर या मापाने काहीच मोजता येत नाही. स्टॉलिंग्ज यांना मिळाली ती एकच जास्तीची गोष्ट, मध्ये गेलेली सात वर्षं. तुलना करणाऱ्यांचा जोर तोवर ओसरला होता.

म्हणून ४९ तास की दहा दिवस, यापेक्षा मला २०२४ मध्ये बरं वाटलं ते हे की डीबोर यांनी मनोऱ्याला हात लावला नाही. सप्टेंबरमध्ये मैदानाला सेबन यांचं नाव दिलं गेलं, स्टेडियममध्ये त्यांना ऑफिस राहिलं. यावर नव्या माणसाने कपाळाला आठी घातली नाही.

मागची फळी

सगळे माणसांवर बोलताहात, मी बचावावर बोलते. मोसम तिथे फसला.

सेबन यांचा बचाव कागदावर ३-४ (पुढे तीन, त्यामागे चार), पण प्रत्यक्षात बहुतेक वेळ मागे पाच जण असायचेच. केन वोमॅक यांनी साउथ अलाबामाचं मुख्य कोचपद सोडून येताना ४-२-५ (पुढे चार, मध्ये दोन, मागे पाच) आणला. तेव्हा "तीनाचे चार झाले" हा बदल खरा नाहीच. खरा बदल शब्दांचा आणि नियमांचा. सेबन यांच्याकडे मधल्या पाचव्या बचावपटूला 'स्टार' म्हणत, वोमॅक त्याला 'हस्की' म्हणतात. समोरचा रिसीव्हर आत वळला तर कोणी कोणाला सोडायचं, शेजारी कोणाला काय ओरडून सांगायचं, हे सगळं त्या नावाला चिकटलेलं असतं. चेंडू निघायच्या आधी दीड-दोन सेकंदांत हे सांगून व्हावं लागतं. जुना शब्द तोंडात आला की शेजारचा अर्धा क्षण थबकतो आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी मोकळा सुटतो.

आणि शिकवायला वेळ किती? मोसमाबाहेर आठवड्याला ८ तासांची मर्यादा, वसंतात १५ सराव, मग थेट ऑगस्ट. त्यात डाउन्स गेलेला, टेरियन आर्नल्ड आणि कूल-एड मॅकिन्स्ट्री हे दोन्ही कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारे कडेचे बचावपटू) एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये. माघारी जुना एकटा मलाकाय मूर, बाकी मिशिगनचा कीऑन सॅब, यूएससीचा डोमानी जॅक्सन आणि पहिल्या वर्षाची पोरं.

५ ऑक्टोबर २०२४, नॅशव्हिल. अलाबामा पहिल्या क्रमांकावर, आठवडाभरापूर्वी जॉर्जियाला ४१-३४ हरवलेलं. व्हँडरबिल्टने ६० पैकी ४२ मिनिटं ८ सेकंद चेंडू स्वतःकडे ठेवला. तिसऱ्या डाऊनला (दहा यार्ड काढायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतल्या तिसऱ्याला) १८ पैकी १२ वेळा हवे तेवढे यार्ड काढले. हे कसं होतं? क्वार्टरबॅक दिएगो पाविया चेंडू धावकाच्या पोटाशी नेतो, बचावपटूची नजर तिकडे जाते, मग तो स्वतःच बाहेर पळतो किंवा छोटा पास टाकतो. याला उत्तर एकच, प्रत्येकाने आपलाच माणूस बघायचा. नवा नियम अंगात मुरला नसला की पोरगं चेंडू बघतं. प्रत्येक वेळी तीन-चार यार्ड, त्यांचा सलग डाव संपतच नाही, बचाव दमतो आणि सामन्याच्या शेवटच्या पाव भागात हात टाकूनही माणूस खाली पडत नाही. ४०-३५. विशबोन, तुमच्या १९८४ नंतर व्हँडरबिल्टचा अलाबामावरचा हा पहिला विजय.

म्हणून मी मैदानकाठ यांच्या बाजूची, पण वेगळ्या कारणाने. कोच बाहेरचा चालतो. पहिल्या वर्षी त्याने बचावाची भाषा तीच ठेवायला हवी होती. आक्रमण स्वतःचं आणावं, त्यासाठीच त्याला आणलेलं असतं.

चौथा डाऊन

मागची फळी, ते विश्लेषण मान्य. पण भाषा ठेवायची तर ती बोलणारा शिक्षक हवा. सेबन यांच्या बचावाचे खरे शिक्षक सेबनच होते, कॉर्नरना ते स्वतः उभं राहून शिकवत. त्यांच्याशिवाय तो बचाव चालवायचा म्हणजे पोथी आहे आणि अर्थ सांगणारा नाही.

शिवाय डीबोर यांनी सगळं उखडलं हेही बरोबर नाही. बलसंवर्धनाचे डेव्हिड बलू राहिले. बचावाच्या पुढच्या फळीचे फ्रेडी रोच राहिले, धावकांचे रॉबर्ट गिलेस्पी राहिले. जानेवारीत मुख्य काम व्यायामशाळेचंच असतं, तिथला माणूस तोच राहिला की पोरांना रोज सकाळी ओळखीचा आवाज ऐकू येतो. आणि दक्षिणेतली ओळख म्हणाल, तर अलाबामातल्याच सारालँडचा रिसीव्हर रायन विल्यम्स सेबन गेल्यावर दिलेला शब्द मागे घेऊन मोकळा झाला होता, तो डीबोर यांच्याकडेच परत आला. जॉर्जियाविरुद्धचा ७५ यार्डांचा निर्णायक टचडाऊन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या रेषेपार नेणं) त्याचा, वयाच्या १७ व्या वर्षी.

आणि "दहा दिवस थांबून अजून चांगला मिळाला असता" यावर एक आठवण. तेव्हा ज्यांची नावं चालली होती त्यात फ्लोरिडा स्टेटचे माइक नॉर्वेलही होते. त्यांनी तिथेच करार वाढवून घेतला आणि २०२४ मध्ये त्यांचा संघ २-१० गेला.

मैदानकाठ

नॉर्वेल यांचा मुद्दा मान्य करतो, पण मग हेही लिहा की त्याच फ्लोरिडा स्टेटने २०२५ च्या पहिल्याच सामन्यात अलाबामाला ३१-१७ हरवलं. कोणत्या संघाची पडझड किती खोल, हे एका वर्षात कळत नाही.

रोच आणि गिलेस्पी राहिले, हे मी लिहायला हवं होतं. चूक कबूल. पण आक्रमणाच्या समन्वयकाचं काय झालं ते बघा. रायन ग्रब वॉशिंग्टनहून बरोबर यायचे ठरले आणि फेब्रुवारीत सिअॅटल सीहॉक्स या एनएफएल संघाकडे गेले. निक शेरिडन यांच्यावर काम आलं. वर्षभराने ग्रब परत आले. म्हणजे जेलन मिलरो या क्वार्टरबॅकला २०२३ ला रीस, २०२४ ला शेरिडन आणि त्याआधी २०२२ ला बिल ओब्रायन, असे तीन वर्षांत तीन समन्वयक. ९-४ चा मोसम यातून आला. ओक्लाहोमात २४-३ ने हरताना एकही टचडाऊन नाही आणि १२ संघांच्या प्लेऑफची जागा गेली. माझा पायाचा मुद्दा हाच आहे. मुख्य कोचच्या कराराइतकीच काळजी दोन समन्वयकांच्या करारांची घ्या. जाणाऱ्याने भरायची रक्कम एवढी ठेवा की फेब्रुवारीत एनएफएलने हाक मारली तरी एक वर्ष पाय निघणार नाही.

विशबोन

९-४ ला पडझड म्हणणं मला पटत नाही. सेबन यांचं पहिलं वर्ष २००७, ७-६. लुइझियाना-मन्रोकडून घरच्या मैदानावर २१-१४ हार. तेव्हा आज तुम्ही म्हणता ते सगळं लोक म्हणत होते. पुढच्या वर्षी नियमित मोसमात १२-०.

नेब्रास्कात टॉम ऑस्बॉर्न यांच्यानंतर घरचे फ्रँक सोलिच आले, ५८-१९ केले, आणि २००३ मध्ये ९-३ असताना त्यांना काढलं. त्या निर्णयानंतर नेब्रास्का आजतागायत त्या उंचीवर पोचलेलं नाही.

मागची फळी

विशबोन, २००७ ची तुलना इथे लागू नाही. सेबन यांना माइक शुला यांचा ६-७ चा संघ मिळाला होता, डीबोर यांना प्लेऑफचा. वरून खाली येणं आणि खालून वर जाणं यांचे आकडे एकाच तराजूत घालू नका.

दुसऱ्या वर्षी बचाव सुधारला हे मात्र दिसलं. जॉर्जियातल्या अथेन्सला जाऊन जॉर्जियाला २४-२१ हरवलं, प्लेऑफमध्ये ओक्लाहोमाला ३४-२४. आता दुखणं दुसरीकडे सरकलंय. अलाबामा ज्या लीगमध्ये खेळतं त्या एसईसीच्या अंतिम सामन्यात २८-७ ने हरताना धावून मिळवलेले यार्ड उणे ३. मग रोझ बोलमध्ये इंडियानाकडून ३८-३. ज्या फळीने क्वार्टरबॅकसमोर भिंत धरायची तिची पावलं चुकताहेत, दोघांच्या मधून बचावपटू सरळ आत येतो. इंडियानाचे कोच कर्ट सिग्नेटी म्हणजे २००७ ते २०१० सेबन यांचेच सहाय्यक. त्यांनी जेम्स मॅडिसनहून आपली माणसं आणि खेळाडू दोन्ही बरोबर आणले होते, म्हणून त्या संघात भाषेची अडचण आलीच नाही.

मैदानकाठ

सिग्नेटी यांचं उदाहरण माझ्या विरोधात जातं हे दिसतंय, पण त्यांच्याआधी इंडियानात जपण्यासारखं यंत्र नव्हतं. ३-९ चा संघ होता. तिथे सगळं नवं आणणंच बरोबर.

एक गोष्ट आता बदलली आहे. ऑक्टोबर २०२५ च्या नियमाने कोच गेल्यावर लगेच ३० दिवस नाहीत. नवा कोच आल्यानंतर पाच दिवसांनी १५ दिवसांची खिडकी उघडते. चौथा डाऊन, तुमचं घड्याळ आता माझ्या बाजूने आहे. थांबायला जागा मिळाली.

चौथा डाऊन

नियमाने मिळाली, बाजाराने नाही. खिडकी बंद असली तरी पोरांच्या एजंटांचे फोन चालूच असतात, आणि ज्यांना कोच हवाय ती बाकीची विद्यापीठं त्याच आठवड्यात त्याच चार नावांना फोन करत असतात. उलट नव्या नियमात पाच दिवसांची किंमत वाढली. नवा कोच सोमवारी आला तर शनिवारच्या आत त्याला ८५ पोरांशी आणि त्यांच्या आईवडिलांशी एकेक करून बोलायचंय, कोण कोणत्या जागी खेळणार आणि किती पैसे ठरले ते सांगायचंय. दिवसाला सतरा घरं. हे काम हंगामी माणूस करू शकत नाही, कारण त्याच्या शब्दावर कोणी सही करत नाही.