नोकरीच्या निवडीच्या शेवटच्या फेरीला दिवसभर बोलावलंय. तयारी काय करू?

कोरापाना:
ऑनलाइन चाचणी आणि फोनवरची मुलाखत पार पडली. आता शेवटची फेरी. मेलमध्ये इन-ट्रे, गटचर्चा, अॅप्टिट्यूडची (आकडेमोड, उताऱ्यांवरचे प्रश्न) फेरचाचणी आणि पॅनेल मुलाखत एवढंच लिहिलंय. इन-ट्रेमध्ये नेमकं काय करायचं असतं? शिवाय मी मुळात कमी बोलते, त्यामुळे गटचर्चेची धास्ती आहे.

सांजवेळ:
आधी मनापासून अभिनंदन. अशा फेऱ्यांना मी बरीच वर्षं निरीक्षक म्हणून बसते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इन-ट्रेमध्ये तुम्ही रजेवरून परतलेल्या अधिकारी असता. समोर मेल, निरोप, तक्रारींचा गठ्ठा. कशाला आधी हात घालायचा, काय दुसऱ्यावर सोपवायचं, काय थांबू शकतं, हे ठरलेल्या वेळात ठरवायचं. पहिला कागद उचलून लगेच उत्तर लिहायला बसू नका. सगळा गठ्ठा भराभर वाचून काढा. वरच्या मेलमध्ये साहेबांनी गुरुवारी दुपारी बैठक लावायला सांगितलेली असते आणि तळाशी कुठेतरी त्याच दुपारी मोठा ग्राहक येणार असतो. अशी गाठ मुद्दाम मारलेली असते. आणि प्रत्येक निर्णयापुढे एका ओळीत कारण लिहाच. निर्णय बरोबर असला तरी कारणाशिवाय त्याला पुरते गुण देणं आम्हाला अवघड जातं.

गटचर्चेत आमच्या कागदावर ऐकून घेणं, मुद्दा पुढे नेणं, निर्णयाप्रत येणं असे रकाने असतात. किती वेळ बोललात याचा रकाना मी तरी पाहिलेला नाही. "वेळ संपत आलीय, दोन पर्याय उरलेत, कुठला धरायचा?" हे एक वाक्य वेळेवर आलं तर नोंद होते. मात्र पूर्ण गप्प राहिलात तर आम्ही लिहिणार काय?

आणि एक काम फसलं तर तिथेच खचू नका. एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीने १९५६ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासातून दिवसभर अशी वेगवेगळी कामं देऊन पारखण्याची ही पद्धत (असेसमेंट सेंटर) उद्योगांत रुजली, तेव्हापासून तिचा पायाच अनेक कामं आणि अनेक निरीक्षक हा आहे. शेवटी आम्ही सगळे बसून नोंदी ताडून बघतो.

आडवीरेघ:
अॅप्टिट्यूडसाठी टक्केवारी घोटून ठेवा. ४० चे ५० झाले की वाढ २५ टक्के, पण ५० चे ४० झाले की घट २० टक्केच. घाईत इथेच गफलत होते. उताऱ्याच्या प्रश्नांत 'सांगता येत नाही' हा पर्याय असतो. उताऱ्यात नसलेली माहिती तुम्हाला बाहेरून ठाऊक असली तरी ती धरायची नाही.

कोरापाना:
दोघांचेही आभार! पण चाचणी एकदा दिलीय, मग परत कशाला?

सांजवेळ:
पहिली तुम्ही घरून, कुणाच्या देखरेखीशिवाय दिलीत. आता समोर बसवून ते गुण पडताळून पाहतात. पहिली स्वतः सोडवली असेल तर घाबरण्यासारखं काही नाही. वाचायला जास्त वेळ लागण्यासारखी काही अडचण असेल तर मात्र आजच मेल करून वाढीव वेळ मागा, त्या दिवशी ऐनवेळी सोय करणं कठीण होतं.